हातांना मिळालेली डॉक्टरकी
बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची हकीकत

इंजिनिअरला ‘डॉक्टर’ म्हणायचे की नाही, यावरून सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीत मोठे भांडण झाले होते. आज हे वाचून हसू येईल. पण त्या भांडणाचे मूळ पदवीत नव्हते, प्रतिष्ठेत होते. लॅटिन वाचतो तो विद्वान आणि यंत्र बनवतो तो कारागीर, मग विद्वानाने कारागिराशेजारी खुर्ची टाकून बसायचे कसे, असा तो सवाल होता. त्या काळची जुनी विद्यापीठे धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान शिकवीत. सुतार, लोहार, गवंडी, खाणकामगार यांच्या हातात जी विद्या होती, तिला त्यांच्या लेखी विद्या हे नावच नव्हते. ती नुसती कामकरी माणसाची सवय!

या सवयीला विद्येचा दर्जा कसा मिळाला, तो मिळाल्यावर त्या विद्येचे काय झाले आणि आज त्या ठिकाणी कारभार कोण चालवतो, हे सारे एका संस्थेच्या इतिहासातून दिसते. ती संस्था म्हणजे बर्लिनची टेक्निकल युनिव्हर्सिटी. आपल्या घरातली मुले आयटीआयला जातात, डिप्लोमा करतात, काही इंजिनिअरही होतात. म्हणून ही हकीकत आपल्या कुटुंबाच्या पानावर सविस्तर द्यावीशी वाटली.

तीन शाळा

हे विद्यापीठ एका दिवसात कोणी स्थापन केलेले नाही. तीन वेगवेगळ्या शाळांतून ते उभे राहिले. पहिली शाळा खाणकामाची. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या काळात १७७० साली ती बर्लिनमध्ये निघाली. दुसरी बांधकामाची, १७९९ सालची. या दोन्ही शाळांचा हेतू सरळ होता. राज्याला खाणी, रस्ते, पूल आणि कालवे पाहणारे सरकारी अधिकारी हवे होते, ते तयार करायचे. म्हणजे या शाळा सरकारच्या सोयीसाठी होत्या.

तिसरी शाळा मात्र वेगळी. तिच्यामागे पराभवाचा इतिहास आहे. १८०६ साली नेपोलियनने प्रशियाचा पार धुव्वा उडवला. त्यानंतर राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. आतापर्यंत तेथे धंद्यांवर कारागीर-मंडळांची मक्तेदारी होती. कोणता धंदा कोणी करायचा, किती शिकाऊ ठेवायचे, ‘उस्ताद’ कोणाला म्हणायचे, हे सर्व ती मंडळे ठरवीत. मंडळाबाहेरच्या माणसाला हत्यार धरण्याची मुभा नव्हती. १८१० च्या सुमारास कायदा करून ही मक्तेदारी मोडली. ज्याला जो धंदा करायचा तो त्याने करावा, असे ठरले. कायद्याने दार उघडले खरे, पण आत जाणाऱ्याला शिकवणार कोण? इंग्लंडमध्ये वाफेची यंत्रे धडधडत होती आणि प्रशियात हातमाग चालू होते.

या कामी पुढे आला तो पीटर बॉयट नावाचा सरकारी अधिकारी. त्याने १८२१ साली बर्लिनमध्ये एक तांत्रिक शाळा काढली. पुढे तिला उद्योग-संस्था असे नाव पडले. इथे लॅटिनची अट नव्हती. गणित, चित्रकला, रसायन आणि यंत्राचे काम एवढेच शिकवायचे. कारागिरांची हुशार मुले प्रांताप्रांतांतून निवडून आणायची, गरिबांना सरकारी खर्चाने शिकवायचे. इंग्लंडने आपली यंत्रे बाहेर जाऊ नयेत म्हणून बंदी घातली होती. तरी बॉयट स्वतः इंग्लंडला गेला, कारखाने पाहिले, नमुने मिळवले. ती यंत्रे उघडून, त्यांची चित्रे काढून, पुन्हा जोडून मुले शिकली.

त्या मुलांपैकी एक औगुस्ट बोर्झिग. ब्रेस्लाऊच्या सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारकाम शिकलेला. १८२३ साली तो या संस्थेत आला आणि दोन वर्षांनी पूर्ण न करताच बाहेर पडला. प्रमाणपत्र नाही, काही नाही. एका यंत्रकारखान्यात लागला, तेथे हात बसवला, आणि १८३७ साली बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला. १८४१ साली त्याचे पहिले रेल्वे इंजिन रुळावर आले. त्यापूर्वी प्रशियाच्या गाड्या बहुतेक परदेशातून आणलेल्या इंजिनांवर चालत. पुढे बोर्झिगचे नाव सगळ्या युरोपात झाले. शाळेला आपल्याच विद्यार्थ्याची पारख झाली नाही, असे म्हणावे लागते. पण त्या शाळेने सुताराच्या पोराला यंत्राजवळ तरी नेले, हेही तितकेच खरे.

आता बॉयटची दुसरी बाजू सांगितली नाही तर ही हकीकत अर्धी राहील. कारागिराला दार उघडून देणारा हा माणूस ज्यू लोकांचा कट्टर द्वेष करणारा होता. ज्यूंना प्रवेशच नाही अशा मेजवानी-मंडळाचा तो सभासद होता. तेथे त्याने १८११ साली ज्यूंविरुद्ध विखारी भाषण केले. ज्यूंना नागरिकाचे समान हक्क देण्यास त्याचा विरोध होता. बर्लिनमध्ये त्याच्या नावाची एक वेगळी तांत्रिक उच्चशिक्षण संस्था होती. तिने या गोष्टीवर वर्षानुवर्षे चर्चा करून अखेर २०२१ साली त्याचे नाव काढून टाकले. एका अंगाने सुधारक आणि दुसऱ्या अंगाने माणसाला माणूस न मानणारा, असे लोक आपणही पाहिलेले आहेत.

‘स्वस्त आणि वाईट’

१८७९ साली बांधकामाची शाळा आणि उद्योग-शाळा एकत्र करून एक मोठी संस्था झाली. ‘रॉयल टेक्निशे होखशूले’ असे तिचे नाव. होखशूले म्हणजे शब्दशः उच्च शाळा. विद्यापीठ म्हणायचे नाही, शाळाच म्हणायचे, हे येथे ध्यानात घ्यावे. शार्लोटेनबुर्ग या तेव्हा बर्लिनबाहेर असलेल्या गावी तिची भव्य इमारत १८८४ साली उघडली गेली. खाणकामाची शाळा तिच्यात १९१६ साली आली.

त्या काळी जर्मन मालाची किंमत काय होती, तेही सांगतो. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे जर्मनीतर्फे फ्रान्झ रोलो नावाचे प्राध्यापक गेले होते. ते याच बर्लिनच्या उद्योग-शाळेचे प्रमुख, यंत्रांच्या हालचालींचे शास्त्र रचणारे मोठे विद्वान. त्यांनी मायदेशी लिहून कळवले की, आपला माल स्वस्त आणि वाईट आहे. देशात गहजब झाला, रोलोंना देशद्रोहीसुद्धा ठरवले गेले. पुढे १८८७ साली इंग्लंडने कायदा केला की, परदेशी मालावर देशाचे नाव छापलेच पाहिजे. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरे इंग्रजांनी गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी आणली. वीस-पंचवीस वर्षांत त्याच अक्षरांवर गिऱ्हाईक जादा पैसे मोजू लागले.

या बदलाला अनेक कारणे आहेत, पण शार्लोटेनबुर्गसारख्या संस्थांचा वाटा त्यात मोठा. अलोइस रीडलर, अडोल्फ स्लाबी यांच्यासारख्या प्राध्यापकांनी फळ्यावरचे शिक्षण प्रयोगशाळेत नेले. खरे इंजिन, खरा डायनॅमो, खरे माप. विद्यार्थ्याने हात काळे केल्याशिवाय त्याला सूत्र कळले असे मानायचे नाही, अशी पद्धत पडली.

इतके होऊनही मान जुन्या विद्यापीठांचाच. डॉक्टर ही पदवी देण्याचा अधिकार फक्त त्यांना. ते म्हणत, कारखानदारीला पैसा मिळतोच आहे, वर विद्वत्ता कशाला हवी? इंजिनिअरांनी अनेक वर्षे अर्ज-विनंत्या केल्या. अखेर सम्राट दुसरा विल्हेल्म याने त्यांची बाजू घेतली. त्याला लोकशाहीचे प्रेम होते असे नाही, त्याला आरमार हवे होते. १८९८ साली प्रशियाच्या तिन्ही तांत्रिक होखशूलेंना वरिष्ठ सभागृहात प्रतिनिधित्व मिळाले. बांधकाम शाळेच्या शताब्दीच्या सोहळ्यात, ऑक्टोबर १८९९ मध्ये, डॉक्टरेट देण्याचा हक्क जाहीर झाला.

तरीही जुन्यांनी एक मेख मारून ठेवलीच. पदवीचे नाव लॅटिनमध्ये लिहायचे नाही, जर्मनमध्येच लिहायचे. ‘डॉक्टर-इंजेनिअर’, मध्ये आडवी रेघ. म्हणजे वाचणाऱ्याला लगेच कळावे की हा खरा डॉक्टर नव्हे, हा तो दुसरा. पंगतीला बसवले, पण पत्रावळ वेगळी! गंमत अशी की, काही वर्षांतच ही आडव्या रेघेची पदवी जर्मनीत भूषणाची झाली. आजही तेथील इंजिनिअर ती तशीच, रेघेसकट लिहितात.

बायांना मात्र हे दार आणखी दहा वर्षे बंद होते. १९०९ साली प्रशियाच्या तांत्रिक होखशूलेंत मुलींना रीतसर प्रवेश मिळाला. एलिझाबेथ फॉन क्नोबेल्सडॉर्फ या बाईंनी १९११ साली येथून वास्तुकलेची इंजिनिअर पदवी घेतली. जर्मनीत अशी पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. सरकारी बांधकाम खात्यात अधिकारी म्हणूनही ती लागली. नंतर लग्न झाले आणि नोकरी गेली. नवरा कमावतो, मग बाईने जागा का अडवायची, असा तेव्हाचा हिशेब.

सैतानाची टेकडी

बर्लिनच्या पश्चिमेला जंगलात सुमारे १२० मीटर उंचीची एक टेकडी आहे. टॉयफेल्सबेर्ग, म्हणजे सैतानाची टेकडी. लोक तेथे फिरायला जातात, मुले पतंग उडवतात. ती निसर्गाने केलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनची जी घरे पडली त्यांच्या विटामातीचा तो ढीग आहे. त्या ढिगाखाली एक इमारत गाडलेली आहे. ती आपल्या या होखशूलेची. युद्धतंत्राच्या विद्याशाखेसाठी ती बांधायला घेतली होती आणि १९३७ साली तिची कोनशिला हिटलरने स्वतः बसवली होती.

येथे जरा थांबले पाहिजे. १८९९ साली ज्या संस्थेला विद्वत्तेचा मान मिळाला, तिने १९३३ साली काय केले? हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच येथील विद्यार्थ्यांच्या निवडणुकांत नाझी गट वरचढ झालेला होता. अडाणी लोक फसले असे म्हणायची सोय इथे नाही. ही मुले उत्तम गणित जाणणारी होती. एप्रिल १९३३ च्या सरकारी नोकरांच्या कायद्याने ज्यू आणि राजकीय विरोधकांना काढण्याचा मार्ग मोकळा झाला. येथून शंभराच्या वर शिक्षक आणि संशोधक घालवले गेले.

त्यांतले एक गेओर्ग श्लेझिंगर. यंत्रहत्यारांच्या विषयाचे ते १९०४ पासूनचे प्राध्यापक. लेथ, ड्रिलिंग, मिलिंग यांची अचूकता कशी तपासायची, याचे नियम त्यांनी घालून दिले. आपल्याकडचे जुने टर्नर-फिटर मशीनची अलाइनमेंट तपासतात त्यामागे याच माणसाचे काम आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांचे हातपाय तुटले त्या सैनिकांसाठी त्यांनी कृत्रिम हात-पाय घडवण्यात मन घातले, त्या माणसांना पुन्हा कामावर उभे केले. अशा माणसावर १९३३ साली देशद्रोहाचा आळ घेऊन त्यांना तुरुंगात टाकले. आरोप सिद्ध झाला नाही. सुटल्यावर त्यांनी देश सोडला आणि १९४९ साली इंग्लंडमध्ये ते वारले. नोबेल पारितोषिक मिळवलेले गुस्ताव हेर्त्झ यांनाही आजोबा ज्यू होते म्हणून प्राध्यापकाची खुर्ची सोडावी लागली.

याउलट याच शाळेत शिकलेले कोण पुढे आले, तेही पाहा. अल्बर्ट स्पेअर, येथला वास्तुकलेचा विद्यार्थी आणि नंतर सहायक. तो हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री झाला. लाखो गुलाम कामगारांना कारखान्यांत राबवल्याबद्दल न्यूरेम्बर्गच्या न्यायालयाने १९४६ साली त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. वेर्नर फॉन ब्राउन १९३२ साली येथून इंजिनिअर झाला. त्याच्या रॉकेटच्या कारखान्यात डोरा येथील छळछावणीचे कैदी भुयारात राबून मेले. पुढे तो अमेरिकेत जाऊन चंद्रयानाच्या कामात प्रसिद्ध झाला, हे सर्वांना माहीत आहे. भुयारातल्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

त्याच वर्षांत, त्याच इमारतीत मानवजातीच्या कामाला येईल असेही घडत होते. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बनवला. विषाणू डोळ्यांना दिसू लागले ते त्यामुळे. रुस्कांना नोबेल मिळायला मात्र १९८६ साल उजाडले. कोनराड त्सुझे हा येथील सिव्हिल इंजिनिअर. तीच ती आकडेमोड करून कंटाळला, आणि आईबापांच्या घरातल्या खोलीत त्याने हिशेब करणारे यंत्र जुळवायला घेतले. १९४१ सालचे त्याचे यंत्र हे जगातल्या पहिल्या चालत्या संगणकांपैकी एक. आम्हा कारकून मंडळींना या माणसाचे दुःख चांगले कळते.

नाव बदलले, अभ्यासही बदलला

१९४५ साली इमारतीचे अवशेष उरले होते. जागा ब्रिटिश लष्कराच्या ताब्यातल्या भागात होती. ब्रिटिशांनी जुनी संस्था पुन्हा सुरू केली असे म्हणायचे नाही, नवी संस्था उघडली असे म्हणायचे, असा आग्रह धरला. ९ एप्रिल १९४६ रोजी ती ‘टेक्निकल युनिव्हर्सिटी’ या नावाने उघडली. जर्मनीतल्या तांत्रिक होखशूलेंत ‘युनिव्हर्सिटी’ हे नाव प्रथम हिने घेतले. हे नाव मोठेपणासाठी नव्हते. नुसते यंत्र शिकवले की यंत्र शिकलेला माणूस कोणासाठीही काम करतो, हा अनुभव ताजा होता. म्हणून प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य यांचा थोडा तरी अभ्यास केलाच पाहिजे, अशी सक्ती केली. १९५० साली त्यासाठी स्वतंत्र मानव्य विद्याशाखा झाली. साधारण दोन दशके ही सक्ती चालली, पुढे ती राहिली नाही. विद्यार्थी तासाला बसून झोपा काढीत असतील अशी शंका आहे, कारण सक्तीचा विषय कोठेही सक्तीचाच असतो. पण ती विद्याशाखा टिकली. १९८२ साली याच विद्यापीठात ज्यूद्वेषाचा अभ्यास करणारे संशोधन केंद्र निघाले. द्वेष कसा जन्मतो, कसा पसरतो, यावर इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात पूर्ण वेळ संशोधन चालते, ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या प्रयोगशाळांपेक्षा मोठी वाटते.

कारभार कोणाच्या हाती?

आता संघटनेकडे येऊ. आज येथे तीस हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत आणि ७ विद्याशाखा आहेत. मानव्य व शिक्षणशास्त्र, गणित व निसर्गविज्ञान, प्रक्रियाशास्त्र, विद्युत व संगणक, यंत्र व वाहतूक, नियोजन-बांधकाम-पर्यावरण, आणि अर्थ व व्यवस्थापन. विद्याशाखेखाली संस्था, संस्थेखाली एकेका प्राध्यापकाचे विषय-क्षेत्र अशी उतरंड आहे. सर्वांत वर अध्यक्ष. तो वरून नेमलेला नसतो, विद्यापीठातील प्रतिनिधी त्याला निवडून देतात. २०२२ साली गेराल्डिन राउख या संख्याशास्त्रज्ञ बाई निवडून आल्या, त्या येथील पहिल्या स्त्री अध्यक्ष. तेथे ‘कान्सलर’ नावाचे पद आहे. नाव कुलपतीसारखे वाटते, पण काम आपल्याकडच्या कुलसचिवाचे आणि वित्त अधिकाऱ्याचे. पैसा, नोकरभरती, इमारती हे सर्व त्याच्याकडे.

खरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे विद्वत्सभा, ज्याला तेथे अकॅडेमिक सिनेट म्हणतात. तिच्यात २५ सभासद. पैकी १३ प्राध्यापक, ४ इतर अध्यापक-संशोधक, ४ विद्यार्थी आणि ४ तांत्रिक व कार्यालयीन कर्मचारी. होय, कर्मचारी! प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, ग्रंथालयातला सहायक, ऑफिसातली कारकून बाई, हे निवडणूक लढवून सिनेटमध्ये बसतात आणि मत देतात. विद्याशाखेच्या मंडळातही तसेच, १३ पैकी ७ प्राध्यापक आणि बाकी तीन गटांना दोन-दोन जागा. आपल्याकडे फाइल वर पाठवण्यापलीकडे कारकुनाला काम नसते. तेथे त्याच फाइलवर चर्चा चालू असताना तो समोर बसलेला असतो.

हे आपोआप मिळालेले नाही. १९६० नंतरच्या दशकात बर्लिनचे विद्यार्थी रस्त्यावर होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद याच विद्यापीठाच्या सभागृहात भरली. प्राध्यापकांच्या गाउनखाली हजार वर्षांची धूळ आहे, असे तेव्हाची जर्मन मुले म्हणत. त्या चळवळीतून विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना कारभारात वाटा देणारे कायदे आले. प्राध्यापक कोर्टात गेले. १९७३ साली जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की, इतर गटांना वाटा देणे घटनेविरुद्ध नाही, पण अध्यापन आणि संशोधनाच्या प्रश्नांवर प्राध्यापकांचे पारडे कमी पडता कामा नये. २५ मध्ये १३ हा आकडा त्या निकालातून आलेला आहे. बारांना बोलता येते, मत देता येते, पण तेरा एक झाले तर बारांचे चालत नाही. याला लोकशाही म्हणावे की अर्धी लोकशाही, यावर तेथे अजून वाद चालतो.

कर्मचाऱ्यांची निवडून आलेली समिती वेगळी, विद्यार्थ्यांची संसद वेगळी, आणि नेमणुकांत बाईवर अन्याय होऊ नये म्हणून महिला प्रतिनिधी वेगळी. जे विद्यार्थी खालच्या वर्गांना शिकवण्याचे किंवा प्रयोगशाळेतले काम करतात त्यांच्यासाठी बर्लिनमध्ये युनियनने केलेला स्वतंत्र वेतनकरार आहे. २००१ पासून त्यांचा दर वाढला नव्हता. २०१८ साली त्यांनी संप केले आणि नवा करार करून घेतला.

फी आणि दार

या सरकारी विद्यापीठात पदवीसाठी शिक्षण-फी नाही. दर सत्राला सुमारे तीनशे युरोच्या आसपास वर्गणी भरावी लागते, तिच्यातला मोठा भाग बस-रेल्वेच्या पासाचा. मध्यंतरी २००५ च्या कोर्टाच्या निकालानंतर जर्मनीच्या काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी बसवली होती. लोकांनी इतका विरोध केला की २०१४ पर्यंत सर्व राज्यांना ती काढावी लागली. बर्लिनने ती बसवलीच नव्हती. परदेशी विद्यार्थ्यांकडून फी घेण्याची सुरुवात मात्र काही ठिकाणी पुन्हा झाली आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना सत्राला हजारो युरो फी लावली.

फी नाही म्हणजे कामगाराचा मुलगा सहज पोचतो, असे समजू नये. तेथे मुलांची शाळेतच, दहा-बारा वर्षांच्या वयात, वाटणी होते. २०१८ च्या एका सरकारी मदतीच्या अभ्यासात असे आढळले की, शिकलेल्या आईबापांच्या १०० मुलांपैकी ७९ विद्यापीठात जातात. ज्यांचे आईबाप विद्यापीठात गेले नाहीत त्यांच्या १०० पैकी २७. फीमाफीने पाकिटाचा प्रश्न सुटतो, घरातल्या पुस्तकांच्या कपाटाचा सुटत नाही. २००९ साली एक चांगला निर्णय झाला. ज्याने कारागिरीत ‘माइस्टर’ म्हणजे उस्तादाची परीक्षा दिली आहे, त्याला बारावीसारखी शालान्त परीक्षा नसली तरी विद्यापीठात प्रवेश मिळू शकतो. बॉयटच्या शाळेचे दार सुताराला उघडले त्यालाही तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती.

आपल्या देशाशी या विद्यापीठाचे नाते जुने आहे. १९५९ साली मद्रासला जी आयआयटी निघाली ती पश्चिम जर्मनीच्या मदतीने. आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग आणि स्टुटगार्ट येथील तांत्रिक विद्यापीठांनी प्राध्यापक आणि यंत्रे पाठवली, येथील शिक्षकांना तिकडे शिकवले. जर्मन प्राध्यापकांचा भर वर्कशॉपवर होता. इंजिनिअर होणाऱ्याने व्हाइसला जॉब लावून कानस चालवलीच पाहिजे, असे ते म्हणत. आपल्याकडे हाताने काम करणे म्हणजे खालच्याचे काम, ही समजूत घरातून घेऊन आलेल्यांना हे रुचणारे नव्हते. अजंता सुब्रमण्यम यांनी मद्रास आयआयटीवर २०१९ साली लिहिलेल्या पुस्तकात जात आणि ‘गुणवत्ता’ यांच्या या गुंत्याची चांगली उलगड केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना आयआयटीत राखीव जागा मिळाल्या त्या १९७३ साली. म्हणजे कानस आधी आली, ज्यांच्या घरात कानस होती ती मुले चौदा वर्षांनी आली.

आता तिकडे जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी थोडी कामाची माहिती. नुसत्या बारावीवर तेथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. एक वर्ष तयारीच्या वर्गात काढावे लागते, किंवा येथे पदवीचे एक वर्ष पास व्हावे लागते, किंवा जेईई ॲडव्हान्स पास असल्यास तांत्रिक शाखेचा विचार होतो. पदवीचे शिक्षण बहुतेक जर्मन भाषेत आहे, म्हणून भाषेची तयारी दोन वर्षे आधी सुरू करावी. पुढच्या मास्टर पदवीचे काही अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्याला कागदपत्र तपासणीचे ‘एपीएस’ प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ लागतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. फी नसली तरी राहण्या-जेवणाची ऐपत दाखवावी लागते. त्यासाठी बंद खात्यात वर्षाची रक्कम आधी भरायची असते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो ठरली, म्हणजे आपले दहा-बारा लाख रुपये. हा आकडा पाहून घरी बसू नये. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, वय, उत्पन्नाची मर्यादा या अटी शासन निर्णयागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात मूळ कागदावर वाचावी, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नये. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिकांच्या प्रती नावाच्या एकाच स्पेलिंगने तयार ठेवाव्यात. वडिलांचे नाव एका कागदावर ‘रामचंद्र’ आणि दुसऱ्यावर ‘रामा’ असेल तर दुरुस्ती आजच करून घ्यावी, तहसील कचेरीत त्याला सहज दोन महिने जातात.